डावा बूट

सालोनिकात, एग्नातिया रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर
कोर्टाचे कागद टाइप करून माझं पोट चालतं.
साक्षी, उलटतपासण्या, गहाणखतं.
खरं-खोटं हा माझा प्रांत नाही, मी शुद्धलेखन बघते,
असं मी ओरो कामहीला पहिल्याच दिवशी सांगितलं.
ती म्हणाली, बरंच झालं,
आणि वही ठेवली टेबलावर, तिच्या दुकानाची:
डावीकडे साबणाचे भाव,
उजवीकडे पोलंड.

दुसरी वही आली तीन आठवड्यांनी.
जोया पेराहिया, मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची.
अक्षर टाक्यांसारखं,
बारीक, सारख्या अंतरावर.

दोघींची नावं दागिन्यांची.
त्यांच्या घरच्या जुन्या स्पॅनिशमध्ये
जोया म्हणजे दागिना आणि ओरो म्हणजे सोनं.
ती भाषा बोलणारे आता या शहरात
एका जिन्यावर मावतील.

दोघी एकाच बराकीत, एकाच फळीवर,
एका कांबळ्याच्या अर्ध्या तुकड्याखाली.
आता दर गुरुवारी बंदराजवळ पत्ते खेळतात.
दुसरीही लिहितेय
हे मी दोघींनाही सांगितलेलं नाही.

ओरोच्या वहीत, पान सत्तेचाळीस:
*जानेवारी. उद्या चालवत नेणार असं कळलं.*
*माझ्या बुटाचा तळ निघाला होता.*
*रात्री मी जोयाचा डावा बूट चोरला.*
*तो तिच्या डोक्याखाली होता.*
*मी डोकं उचललं, हळू, मान धरून,*
*तान्ह्या बाळाचं उचलतात तसं.*
*सकाळी ती पायाला चिंध्या गुंडाळून चालली.*
*मी तिच्या पुढे राहिले. पाचही दिवस पुढेच.*

जोयाच्या वहीत पानांना आकडे नाहीत:
*ओरोला मी माझा डावा बूट दिला.*
*तिचा फाटला होता.*
एवढंच. पुढच्या ओळीत लगेच
कुठल्याशा गावातली एक बाई,
खिडकीतून उकडलेले बटाटे फेकणारी,
आणि त्या बाईवर अडीच पानं.

मी कागद खिडकीशी उजेडाला धरला.
'दिला'च्या खाली काहीतरी खोडलेलं,
इतकं दाबून की कागद तिथे विरलाय.
शब्द एकच असावा.
कुठलाही असू शकतो.
जन्मभर शिवण शिकवलेली बाई ती,
उसवलेलं कुठे होतं ते दिसू देणार नाही.

कोर्टात दोन साक्षी जुळल्या नाहीत
तर समासात लाल पेन्सिलीने फुली मारतात.
सव्वीस वर्षं मारतेय.
पेन्सिल उचलली,
तिला टोक केलं,
ठेवली.

ओरो पानं न्यायला आली. चष्मा नव्हता,
तरी सत्तेचाळिसावं पान बरोबर काढलं.
म्हणाली, छापलं की पहिली प्रत जोयाला.
त्यासाठीच तर हा खटाटोप.
तोंडाने सांगायला गेले ना, एव्हांथिया,
एकदा नव्हे, चांगलं चार-पाचदा,
की ती पत्ते पिसायला लागते.
नुकतेच पिसलेले असतात,
तरी पुन्हा.

जोया आली शुक्रवारी.
पैसे मोजून दिले, सुटे, रुमालातून.
उकाडा होता, पायात पट्ट्यांच्या चपला.
डाव्या पायाला तीनच बोटं.
मी टाइपरायटरवर कापड घातलं,
काढलं, परत घातलं.

दारात थांबून तिने विचारलं,
ओरो कामही येते का हो तुमच्याकडे?
म्हटलं, मी फक्त शुद्धलेखन बघते.
ती हसली थोडी.
तिची वही जाड असेल, म्हणाली,
ती काही म्हणजे काही सोडत नाही.

मग ती उतरत गेली, कठड्याला धरून.
जिन्यावर एक पाऊल वाजत होतं,
एक नाही.